'नाइफ'मधला के कुठे गेला? नववीला हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवावं का?

खडूची_धूळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. जूनमध्ये नववीला श्रुतलेखन घेत होते. एकाने 'नाइफ' लिहिलं एन-आय-एफ. मी लाल पेनाने पुढे के काढला, मागे ई काढला, तर तो म्हणतो "बाई, बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला?" अठरा वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे, 'सायलेंट आहे, पाठ कर'. त्या दिवशीही तेच दिलं पण घरी आल्यावर मलाच ते खुपायला लागलं, म्हणजे आपण एम.ए.ला हे सगळं शिकलो होतो, परीक्षा झाली आणि ते माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, की बाबांनो हा के पूर्वी बोलायचे. क्नीफ. तसंच 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला के बोलायचे आणि मधला जी-एच पण बोलायचे, घशातून ख काढल्यासारखा, क्निख्त. १४७६ मध्ये कॅक्स्टन नावाच्या माणसाने इंग्लंडात छापखाना काढला, तिथून पुढे स्पेलिंगं हळूहळू छापात गोठत गेली आणि लोकांची जीभ मात्र पुढे निघून गेली. के मेला सतराव्या शतकाच्या आसपास, त्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. वर्ग दिवसभर एकमेकांना क्निख्त म्हणत होता, शेजारच्या वर्गावरच्या सरांनी येऊन विचारलं की मुलांना घसा बसलाय का.

तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास मी 'जुन्या इंग्रजीला' देतेय. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, अट एकच, पोर्शन मागे पडता कामा नये. आतापर्यंत बेओवुल्फची गोष्ट मराठीतून सांगून झाली, मूळच्या दहा-बारा ओळी रेकॉर्डिंग लावून ऐकवल्या. पुढे काय घ्यावं? आणि मुळात, ज्या मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा आहे त्यांना हे द्यावं का, की माझी हौस मी त्यांच्यावर भागवून घेतेय? स्पष्ट सांगा.

दोन_मुलींचा_बाप

स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो ताई, राग मानू नका. माझी मोठी नववीला आहे, सेमी. दहावीचा पेपर ८० मार्कांचा, २० शाळेच्या हातात, त्यात पत्र येतं, कवितेचं ॲप्रिसिएशन येतं, व्हॉइस बदला येतं. बेओवुल्फ येत नाही. पहिलीपासून इंग्रजी शिकतेय, परवा कॅम्पात दुकानात त्या बाईने इंग्रजीतून साइझ विचारली तर माझ्या मागे जाऊन उभी राहिली. आधी आजचं इंग्रजी येऊ दे, हजार वर्षांपूर्वीचं ज्यांना पोटापाण्याची काळजी नाही त्यांच्यासाठी ठेवा.

तिरका_पेठकर

बाप माणसाशी सहमत. शिवाय शनिवारी शेवटचा तास हा पिढ्यान्पिढ्या घंटेकडे बघण्यासाठी राखीव आहे, त्या थोर परंपरेत ढवळाढवळ करू नये.

(बेओवुल्फ म्हणजे काय ते कोणी दोन ओळीत सांगा, नेटवर शोधायचा कंटाळा आलाय.)

भाषाभोचक

@पेठकर, ३१८२ ओळींचं काव्य. डेन्मार्कच्या राजाने भलामोठा दरबार-हॉल बांधलेला असतो, तिथे रोज रात्री गाणीबजावणी. तो आवाज असह्य होऊन दलदलीतला ग्रेंडेल नावाचा राक्षस येतो आणि माणसं खातो. बेओवुल्फ समुद्रापलीकडून येऊन त्याला मारतो, मग त्याच्या आईला मारतो, म्हातारपणी ड्रॅगनशी लढताना स्वतः मरतो. अख्ख्या जगात हाताने लिहिलेली एकच जुनी प्रत, तीही १७३१च्या आगीत होरपळली, कडा जळाल्यात.

तिरका_पेठकर

आवाज असह्य होऊन. मी गणपतीत लक्ष्मी रोडला राहतो. माझी संपूर्ण सहानुभूती ग्रेंडेलला.

भाषाभोचक

हाहा. आता धागाकर्तीला. ताई, तुम्ही जे करताय त्याचा सगळ्यात मोठा फायदा व्याकरणात आहे आणि मराठी मुलांना तो इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा जास्त मिळू शकतो. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

मुलं विचारतात ना, गो-चं गोड का नाही, वेन्ट कुठून आलं? त्यांना विचारा, 'जाणे'चं 'जाला' का नाही होत, 'गेला' कुठून आलं? लहान मूल घरी 'मी करलं' म्हणतं, आपण हसतो आणि 'केलं' म्हण असं सांगतो. 'जा' संस्कृतच्या 'या' धातूतून आला, 'गेला' आला 'गत'वरून म्हणजे गम् धातू. दोन वेगळ्या क्रियापदांचा संसार एका घरात. इंग्रजीत तेच, वेन्ट हा मुळात 'वेन्ड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, गोने तो पळवला. हे एकदा कळलं की पोराला इंग्रजी खोडसाळ वाटत नाही, आपल्यासारखीच वाटते, जुन्या वाड्यासारखी, कुठे पायरी जास्त कुठे दार कमी.

हेल्प-हेल्प्ड सरळ वाटतं, पण जुन्या इंग्रजीत तेही सिंग-सँग-संगच्या पंगतीतलं होतं, नंतर सुधारलं. सिंग सुधारलं नाही.

आठवी-नववीला संस्कृत असेल तर अजून मजा. त्रि-थ्री, पाद-फूट, पितृ-फादर, दंत-टूथ. बघा प-चा फ होतोय, त-चा थ, द-चा ट, दरवेळी तसाच. आणि 'माउस' जुन्या इंग्रजीत 'मूस' होता. गणपतीचा मूषक! हे पोरांना सांगा, जन्मात विसरणार नाहीत. 'नेम' चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या काळी साधारण 'नाम'च म्हणायचे.

फक्त एक सावधगिरी. सारखं दिसलं की नातं जोडायचं नाही. इंग्रजी 'बॅड' आणि आपल्या 'बदनाम'मधला फारसी 'बद', अर्थ तोच, उच्चार जवळजवळ तोच, आणि संबंध शून्य. मी हे उदाहरण मुद्दाम शेवटी देतो, नाहीतर पोरं दुसऱ्या दिवशी सगळी इंग्रजी संस्कृतातून आली असं सिद्ध करून येतात आणि त्यांचे काका व्हॉट्सॲपवर ते पुढे पाठवतात.

कॅम्पातली_मास्तरीण

मी इंग्रजी माध्यमात, आयसीएसईला शिकवते, आमच्याकडे शेक्सपिअरचं नाटक अभ्यासालाच असतं. दोन गोष्टी.

एक, आमच्याकडचे पालक (आणि खरं सांगायचं तर काही शिक्षक) शेक्सपिअरला 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात. तो नाही हो ओल्ड. बेओवुल्फ ओल्ड, साधारण अकराशेपर्यंतची भाषा. चॉसर मिडल, तो गेला १४०० मध्ये. शेक्सपिअर म्हणजे मॉडर्नचीच सुरुवात. बेओवुल्फची ओळ आजच्या लंडनच्या माणसाला पण कळत नाही, ती त्याला परकी भाषाच आहे. त्यामुळे या एका बाबतीत तुमची पेठेतली मुलं आणि माझी कॅम्पातली मुलं आणि लंडनची मुलं एकाच बाकावर. मला हे फार आवडतं.

दुसरी गोष्ट 'दाऊ' आणि 'यू'ची. माझी घरी इंग्रजी बोलणारी मुलं इथे अडकतात आणि घरी मराठी बोलणारी पटकन पकडतात. दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. हॅम्लेटमध्ये आई त्याला म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. दाऊ वापरते, आणि वडील म्हणजे तिचा नवा नवरा, याचा काका. तो तेच वाक्य उलटवतो, मातोश्री, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत. यू. आणि वडील म्हणजे मेलेला राजा. एका शब्दाने आईला दाराबाहेर उभी केली. ज्या घरात आई पोराला चिडून 'आपण जेवणार आहात का' असं विचारते तिथल्या मुलाला हे समजवायला नोट्स लागत नाहीत.

तिरका_पेठकर

'आपण कोण?' हे पुण्यात दार उघडून विचारलं की समोरचा आपोआप जिना उतरतो. शेक्सपिअर शनिवार पेठेत जन्मला असता तर नाटकं निम्म्या लांबीची झाली असती.

निवृत्त_मास्तर

वाचतोय. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, २००० सालापासून पहिलीला आणलं. लवकर सुरू केलं म्हणजे चांगलं येईल असा हिशोब होता, तो कितपत जमला ते वर बापमाणसाने दुकानातल्या गोष्टीत सांगितलंच आहे. याच शहरात चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि १८८० मध्ये टिळक-आगरकरांबरोबर शाळा काढली, पुढे तिथलेच आगरकर हॅम्लेट मराठीत आणायला बसले. त्या लोकांना इंग्रजी नोकरीपुरती नको होती. आपण त्या दुधाची पावडर केली, ८० मार्कांचं पाकीट.

पण बाई, तुम्ही बेओवुल्फपासून सुरुवात केलीत ती जरा घाई झाली असं माझं मत. मी असतो तर चॉसर आधी घेतला असता. कारण सांगतो. ज्ञानेश्वरी १२९०ची. चॉसरने कँटरबरीच्या गोष्टी लिहायला घेतल्या त्या साधारण १३८७ च्या सुमारास, म्हणजे शंभर वर्षांनी. इकडे शास्त्र संस्कृतात लिहायचं, तिकडे दरबारात फ्रेंच आणि चर्चमध्ये लॅटिन. दोघांनी बाजारातल्या माणसाची भाषा घेतली. मुलांना आधी ज्ञानेश्वरीतल्या चार ओव्या अर्थ न सांगता वाचायला द्या. अडखळतील. मग सांगा, ही तुमची मातृभाषा, तुम्हीच अडखळलात, मग इंग्रजाचं पोर चॉसरला अडखळलं तर नवल काय. भाषा म्हातारी होते हे आपल्या आजीकडे बघून कळतं, शेजारच्यांच्या आजीकडे बघून नाही.

आणि कँटरबरी म्हणजे काय, वारी! एप्रिलचा पाऊस पडला, लोकांना यात्रेला जायची ओढ लागली, लंडनजवळ साउथवर्कच्या खानावळीत तिसेक माणसं जमली, सरदार, पिठाच्या गिरणीवाला, पाच नवरे केलेली बाई, संतांचे म्हणून खोटे अस्थी-अवशेष विकणारा लबाड. खानावळीचा मालक म्हणतो, वाट कटायला प्रत्येकाने जाताना दोन येताना दोन गोष्टी सांगा. पुण्यातल्या मुलाने दोन्ही पालख्या दरवर्षी बघितलेल्या असतात, नाना पेठ भवानी पेठेत मुक्कामाला कोण कोण येतं त्याच्या डोळ्यासमोर आहे. त्याला सांगा, तुझ्या दिंडीतली पाच माणसं लिही. इंग्रजीतून. साध्या वर्तमानकाळात.

(चॉसरचं काम शेवटी अर्धवटच राहिलं, चोवीस गोष्टी आहेत. पोर्शन त्याचाही पुरा झाला नाही, हे मुख्याध्यापकांना सांगू नका.)

दोन_मुलींचा_बाप

मास्तर, शेवटचं वाक्य आवडलं. दिंडीतली माणसं इंग्रजीतून लिहिणं, हे ठीक आहे, यात काहीतरी हाताला लागतंय. पण बाई तेच करतायत का, की गोष्ट मराठीत सांगून सोडून देतायत?

खडूची_धूळ

बाप (असं म्हणणं विचित्र वाटतंय, पण आयडीच तसा घेतलाय तुम्ही), प्रश्न बरोबर आहे आणि बोचला पण. बेओवुल्फच्या वेळी मी गोष्ट सांगूनच सोडली होती. गेल्या दोन शनिवारी बदललं, ते सांगते.

बेओवुल्फमध्ये समुद्राला समुद्र म्हणत नाहीत, 'देवमाशाचा रस्ता' म्हणतात. शरीराला 'हाडांचं घर'. दोन शब्द जोडून तिसरी वस्तू. मुलांना म्हटलं हे तुम्हाला नवीन नाही, पंकज काय आहे, जलद काय आहे, खग काय आहे? मग सांगितलं पुण्यातल्या गोष्टींची अशी नावं करा, आधी मराठीत, मग डिक्शनरी घेऊन इंग्रजीत. तासभर आवाज नुसता. रिक्षा म्हणजे 'तीनचाकी नकार'. हेल्मेट म्हणजे 'डोक्यावरचं भांडण'. मुठा नदी 'डासांचं माहेर'. मोबाइल 'खिशातली आई', हे एका मुलीचं, ती हॉस्टेलला असते, मी तिथे जरा थांबले. 'नकार'ला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला सात जण एका डिक्शनरीवर पडले. एरवी ती डिक्शनरी कपाटातून बाहेर येत नाही.

मग कोडी घेतली. एक्झेटर नावाच्या गावच्या कॅथीड्रलला लिओफ्रिक नावाच्या बिशपने दिलेली वही आहे, हजार वर्षं जुनी, तीत नव्वदच्या वर कोडी आहेत. वस्तू स्वतःच बोलते, मी अशी आहे, माझ्याकडे हे आहे, ओळखा मी कोण. आपले उखाणे-कोडीच. आणि इंग्रजी वाक्यं कोणती लागतात? आय ॲम, आय हॅव, आय कॅन. एवढंच. दुकानात जी वाक्यं हवीत तीच. नववीतलं जे पोर तोंड उघडत नाही त्याला 'आपल्या वाढदिवसाबद्दल पाच वाक्यं बोल' म्हटलं की जमिनीकडे बघतं, पण कोडं घालायला उभं राहतं, कारण तिथे उत्तर त्याला माहीत असतं आणि वर्गाला नसतं. हे मला आधी सुचलं नव्हतं, झालं तेव्हा दिसलं.

त्या वहीतलं मला सगळ्यात आवडतं ते पुस्तकातल्या कसरीचं. किड्याने शब्द खाल्ले, रात्रीच्या चोराने मोठ्या माणसाचं बोलणं गिळून टाकलं, आणि गिळूनही तो तिळमात्र शहाणा झाला नाही. वर्गात एक सेकंद शांतता, मग मागच्या बाकावरून, "बाई हा तर मी."

भाषाभोचक

ते शेवटचं ऐकून बरं वाटलं. पण ताई, एक्झेटरच्या वहीतली सगळी कोडी वर्गात नेऊ नका बरं. कांद्याचं आधी स्वतः एकटीने वाचा.

खडूची_धूळ

वाचलं. त्याच्या पानाला स्टेपल मारलंय.

हिंजवडीचा_कैदी

माझा अनुभव जरा वेगळा म्हणून लिहितोय. मी मराठी माध्यम, दहावीला इंग्रजीत ८३. सगळं गाईडमधून. पहिल्या इंटरव्ह्यूला त्या माणसाने विचारलं 'टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ' आणि मी पाठ केलेला परिच्छेद म्हटला, त्याने मध्येच एक साधा प्रश्न विचारला, गावाकडे काय पिकतं, आणि मी ब्लँक. ज्वारीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. कुठेही नव्हतं ते. त्यामुळे बापमाणूस म्हणतोय ते मला पटतं, आजचं इंग्रजी पाहिजे. पण ८० मार्कांचं इंग्रजी म्हणजे आजचं इंग्रजी हे मला पटत नाही, मी ते पूर्ण प्यायलो होतो आणि ज्वारीपाशी पडलो. डासांचं माहेर इंग्रजीत करणारी पोरं ज्वारी शोधतील असं वाटतं.

बाकी शिक्षकांनी जास्त अपेक्षा ठेवू नये, आठवड्याला एक तास, त्यात काय होणार.

कॅम्पातली_मास्तरीण

ज्वारीवरून आठवलं. कॅक्स्टननेच १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत किस्सा दिलाय, की काही व्यापारी थेम्समधून जहाजाने निघाले, वारा पडला म्हणून किनाऱ्याला लागले आणि एकाने तिथल्या बाईकडे 'एग्ज' मागितले. बाई म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. मग दुसरा म्हणाला 'आयरेन' द्या, तेव्हा तिला कळलं. दोन्ही शब्द अंड्याचेच, गाव बदललं की शब्द बदलायचा. कॅक्स्टन वैतागून विचारतो, मग मी छापायचं काय?

माझी नागपूरची सासू पहिल्यांदा पुण्यात आली तेव्हा भाजीवाल्याकडे सांबार मागत होती आणि तो तिला समोरचं उडप्याचं हॉटेल दाखवत होता. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हा तास घेऊन बघा, मुलं घरून असे दहा शब्द आणतात, साताऱ्याचे, लातूरचे, आणि 'शुद्ध' वगैरे शब्द मग जरा जपून वापरतात.

निवृत्त_मास्तर

नॉर्मन लोकांनी १०६६ ला इंग्लंड घेतलं तेव्हाचंही घ्या बाई. गाय राखणाऱ्याची म्हणून 'काऊ' त्याच्या भाषेत, ताटात आली की साहेबाची म्हणून 'बीफ' फ्रेंच. कोर्ट, जज्ज, प्रिझन सगळं फ्रेंच. आपल्याकडे वकील, फिर्याद, जामीन कुठून आले? ज्याचं राज्य त्याची कचेरी.

खडूची_धूळ

मास्तर, हे पुढच्या महिन्यात. या शनिवारी तुमची वारी घेतली. चॉसरमधली त्या लबाड माणसाने सांगितलेली गोष्ट सांगितली, तीन दारुडे मृत्यूला शोधायला निघतात, झाडाखाली सोनं सापडतं, वाटणीवरून एकमेकांना मारतात, मृत्यू सापडतो. एका मुलीने सांगितलं की तिच्या आजोबांनी तिला अशीच जातकातली गोष्ट सांगितली होती. खरंच आहे तशी, वेदब्भ जातक. मला माहीत नव्हतं, तिच्यामुळे शोधलं. मग दिंडीतली माणसं लिहिली, पाच ओळी. स्पेलिंगं भयानक. पण एकाने लिहिलंय की चहा फुकट वाटणारा नगरसेवकाचा माणूस चहापेक्षा फोटो जास्त देतो. 'ही गिव्ह्ज मोअर फोटो दॅन टी.' फोटोला एस राहिला, मी लाल पेन तिथे ठेवलाच नाही.

दोन_मुलींचा_बाप

घरी मोठीला धागा वाचून दाखवला. दोन दिवस काही बोलली नाही. काल जेवताना म्हणाली कोडं आहे. इंग्रजीत घातलं, मी इथे मराठीत देतो:

माझ्या पोटात हजार उत्तरं आहेत, मला एकही प्रश्न पडत नाही. सगळे मला मार्चमध्ये उराशी धरतात आणि एप्रिलमध्ये रद्दीत देतात. मी कोण?

तिरका_पेठकर

मतदार.

हिंजवडीचा_कैदी

गाईड. माझं तर दोन वर्षं जपून ठेवलं होतं.

दोन_मुलींचा_बाप

गाईडच. अप्पा बळवंत चौकातून मीच आणून दिलेलं, गेल्या महिन्यात, पाचही विषयांचं.

खडूची_धूळ

शनिवारी वर्गात घालू का हे कोडं? तिचं नाव सांगून?

दोन_मुलींचा_बाप

घाला. नाव नको. तिच्या इंग्रजीच्या बाई पण इथे येत असतील, आणि गाईड त्यांनीच सांगितलंय.